तपकिरीतले पाढे

भावकूनं शामूच्या कपाळावर पालथा हात ठेवला, मग गौराच्या, मग स्वतःच्या. तिन्ही कपाळं सारखीच लागली. म्हणजे तिघांनाही ताप असणार, असं त्याला वाटलं.

"आप्पा, आत्ताच बघितलास की," शामू म्हणाला.

"गप. आज्जीपुढं खोकायचं न्हाय. शिंकायचं तर अजाबात न्हाय."

सांगणं सोपं होतं. निपाणीतलं भावकूचं घर म्हणजेच तपकिरीचं दुकान. ओसरीवर बसून तो तंबाखू खलात कुटायचा, फडक्यातनं गाळायचा आणि गिऱ्हाइकाला तिथंच विकायचा. त्या बोळात मांजरंसुद्धा शिंकल्याशिवाय पुढं जात नसत. मानमोडीच्या तापाच्या साथीत त्याची बायको गेली, आणि तेव्हापासनं कुणी शिंकलं की भावकू पोरांची कपाळं चाचपायला धावायचा. गिऱ्हाईक मात्र चिमूट ओढून मुद्दाम शिंकून दाखवायचं आणि "झकास माल हाय" म्हणायचं. भावकू गल्ल्यात पैसे टाकत त्याच्या डोळ्यांची लाली बघत बसायचा.

साथ सरली, शाळा उघडली, गल्लीतली पोरं गेली. भावकूची गेली नाहीत. एका खोलीत एवढी पोरं एकमेकांच्या तोंडावर श्वास सोडतात, तिथं ह्यांना कसं धाडायचं? त्यानं खल-बत्ता चालवत घरातच शाळा मांडली. चौथीपर्यंतचं त्याला येत होतं. पाचवीचं पुढच्या पुढं बघू, असं तो रोज ठरवायचा आणि रोज घाबरायचा.

त्याची सासू जयाबाई खानापुराहून आली ती ह्याच कारणानं, पोरांची परीक्षा घ्यायला. सोबत तिच्या भावाचा मुलगा, केशवमास्तर. तिनं गाडीवाल्याला दारातच थांबवून ठेवलं होतं. त्यावरनं परीक्षेचा निकाल काय लागणार ते भावकूला कळलं.

"जावईबापू, पोरं शिकली असतील तर ऱ्हाऊ देत तुमच्याजवळ," ती ओसरीवर टेकत म्हणाली. "न्हाय शिकली तर आजच्या आज न्हेनार. कोंबड्यागत डालग्याखाली किती दिस झाकून ठेवनार?"

"शिकल्यात की मामी. लई शिकल्यात."

"ते केशव बघंल."

पाहुण्यांपुढं कुटत बसणं बरं दिसत नाही म्हणून भावकूनं बत्ता खाली ठेवला. घर एकदम मुकं झालं. हात कुठं ठेवावेत तेही त्याला सुचेना.

आधी शामूची पाळी.

"पाटी आण, बाळ," मास्तर म्हणाले. "तुझं नाव लिही."

शामूनं पाटी नाही, लाकडी ताट आणलं. दुसऱ्या कुठल्या घरात पोरं धुळीवर गिरवतात. इथं तपकिरीच्या भुकटीचा तोटा नव्हता. शामूनं बोटानं ठसठशीत नाव लिहिलं. अक्षर सुरेख होतं. इतकं सुरेख, की मास्तरांनी चष्मा वर सारून ताटाजवळ नाक नेलं.

पहिल्या शिंकेला नाव गेलं. दुसऱ्या शिंकेला ताट गेलं. पुढच्या शिंका मोजायला कुणी थांबलंच नाही. मास्तरांची टोपी खलात पडली आणि भावकू ताडकन उठून चुलीकडं पळाला.

"काढा! काढा ठेवतो! मास्तर, अंग मोडून येतंय काय? घसा दुखतोय काय?"

"अहो... आक्‌छी... तपकीर... आक्‌छी!"

"आदी असंच वाटतं मास्तर, मग रातीला ताप चढतो!"

"बसा खाली, जावईबापू," जयाबाई म्हणाली. तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. हसू दाबायला की नाक, ते कळलं नाही. "आता पोरीला इचार, केशवा. लांबनं इचार."

मास्तर उंबऱ्यापर्यंत मागं सरकले. टोपी झटकावी की नको, अशा विचारात त्यांनी ती तशीच मांडीवर ठेवली.

"सातचा पाढा येतो, गौरा?"

गौरा सहा वर्षांची. ती बापाच्या जाग्यावर, खलापुढं मांडी घालून बसली. तिला सगळं तोंडीच शिकवलेलं. बत्त्याच्या दणक्यात ती काय म्हणते हे आजवर भावकूलाही नीट ऐकू आलेलं नव्हतं.

"सात एके सात," तिनं बापाच्या जाड्या आवाजात सुरू केलं. "सात दुणे चौदा. आक्‌छी. दूर सरून शिंका, पावनं. सात त्रिक एकवीस."

मास्तरांनी चष्मा नीट केला.

"सात चोक अठ्ठावीस. न्हाय परवडत, जावा तिकडं संकेश्वरला. सात पंचे पस्तीस. शामू, तुझं अंग गरम हाय काय रं? सात सक बेचाळीस."

शामू भिंतीकडं तोंड करून, हसू दाबत हलायला लागला. भावकूच्या कानशिलांवर घाम आला. दाराबाहेर बैलांच्या घुंगरमाळा वाजत होत्या, आणि प्रत्येक आवाजाला त्याला वाटत होतं, पोरं गाडीत बसली.

"अगं ए, पानी आण गं वाईच," गौरा म्हणाली, आणि थांबली.

"पुढं?" मास्तरांनी विचारलं.

गौरानं त्यांना हातानं गप केलं.

"विसरलीस, बाळ?"

"न्हाय. इथं जरा थांबायचं असतंय."

"कशाला?"

"आप्पा थांबतोय. आत बघतोय. मग बत्ता घेतोय आन् म्हनतोय, सात साती एकोणपन्नास."

जयाबाईनं पदर खाली घेतला.

"कुनाला म्हनतोय गं, पानी आण म्हनून?"

"आईला."

भावकू फडक्याची घडी घालत होता. ती घालून झाली तरी त्यानं ती मोडून पुन्हा घातली.

"मावशे, गाडी हाकू काय?" गाडीवाल्यानं बाहेरनं हाक मारली. "उशीर हुतोय."

जयाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. "सोड बैल," ती म्हणाली. "गवात टाक त्यास्नी."

मग ती आत गेली. भांडी हलल्याचा, रांजणावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. तिनं तांब्या आणून भावकूपुढं ठेवला. भावकूनं तो दोन्ही हातांनी धरला, उचलला मात्र नाही.

"म्हन गं बाई पुढं," जयाबाई गौराला म्हणाली.

गौरानं तांब्याकडं बघितलं, आज्जीकडं बघितलं, आणि बापाकडं. तिचं तोंड उघडंच राहिलं. पाणी खरंच आलं तर पुढं काय म्हणायचं, ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.