सत्तावीस नंबरचा हूक

विरूपाक्ष हत्तरगी बावीस वर्षं त्या फाउंड्रीत स्टोअरकीपर होता. कागलच्या अलीकडं, हायवेपासून थोडं आत असलेली ती फाउंड्री पंपांची बिडाची कास्टिंग करायची. स्टोअरमधली सगळी सामग्री त्याच्या ताब्यात होती, पण त्याला खरा अभिमान होता तो शेडच्या भिंतींवर टांगलेल्या चौसष्ट लाल सिलिंडरांचा. आग विझवायच्या ह्या सिलिंडरांकडं कुणी बघायचं, असा प्रश्न थोरल्या मालकांनी एकदा विचारला, तेव्हा विरूपाक्षानं हात वर केला होता. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो रजिस्टर काखेत घेऊन सगळ्या शेडमधून फिरायचा. सिलिंडरच्या डोक्यावरच्या, दाब दाखवणाऱ्या छोट्या घड्याळाचा काटा हिरव्यात आहे का बघायचा आणि गळ्यातल्या कार्डावर सही करायचा. वर्षातून एकदा पटांगणात डिझेलचा ट्रे पेटवून सगळ्यांसमोर विझवून दाखवायचा. कामगार टाळ्या वाजवायचे. त्याला 'फायरवाले आण्णा' म्हणायचे, आणि ते नाव त्याला आवडायचं.

मार्चमध्ये दीप्ती आली. गडमुडशिंगीची पोरगी, अठ्ठावीस वर्षांची, सेफ्टीचा डिप्लोमा केलेली. धाकटे मालक यशराज यांनी सकाळच्या मीटिंगमध्ये तिची ओळख करून दिली आणि जाता जाता म्हणाले, "आजपासनं फायरचं सगळं मॅडम बघतील. आण्णा, ते रजिस्टर तेवढं त्यांच्याकडं देऊन टाका."

"देतो की," विरूपाक्ष म्हणाला. रजिस्टर त्यानं त्याच दिवशी दिलं. पण देताना धूळ नसलेल्या कव्हरवरून दोनदा फडकं मारलं.

दीप्तीची तपासणी वेगळीच निघाली. ती काट्यावर थांबेना. एकेक सिलिंडर खाली उतरवून घ्यायची. पिन, सील, नळी, तळाचा गंज, सगळं हात लावून बघायची. पावडरचा सिलिंडर उलटा करून कानाशी धरायची आणि रबरी हातोडीनं बुडाला टकटक करायची. एका नळीच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. तारेनं ती माती काढताना बघायला दहा-बारा माणसं जमली. मग तिनं स्टोअरमधून वजनकाटा मागवला.

"वजन कशाला?" विरूपाक्षानं विचारलं. "गेल्याच महिन्यात मी सगळं बघितलंय."

"ह्या गॅसवाल्यांना काटा नसतोय आण्णा. आतला गॅस उडालाय का न्हाय ते वजनावरच कळतंय."

गॅसचे सिलिंडर नऊ होते. तीन हलके भरले. त्यांच्या कार्डांवर ओळीनं विरूपाक्षाच्या सह्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिनं पावडरचे सहा सिलिंडर निवडून पटांगणात चालवून बघितले. पाच नीट चालले. सहावा पॅटर्न शॉपमधला होता, म्हणजे जिथं आकाराम सुतार लाकडाचे नमुने घडवायचा तिथला. त्या नमुन्यांवरून वाळूत साचे पडायचे. काटा अगदी हिरव्यात. दीप्तीनं मूठ दाबली तर नुसतं फुस्स झालं आणि चिमूटभर पावडर पायाशी पडली.

"आण्णा, ह्याला दमा झालाय!" मागनं कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

दीप्ती हसली नाही. "ह्यात आण्णांची चूक न्हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "काटा बरोबरच हाय. आतली पावडर बसून दगड झालीया, ती बाहेरनं दिसत न्हाय."

लोकांचं हसणं विरूपाक्षानं सोसलं असतं. तिनं त्याची बाजू घेतली ते मात्र त्याला लागलं. जेवणाच्या सुट्टीत त्यानं डबा उघडला आणि तसाच मिटला.

नंतर रोज काहीतरी घडत गेलं. कँटीनमधल्या चिमणाबाईंनी सिलिंडरला कधी बोटही लावलं नव्हतं. दीप्तीनं त्यांना पिन ओढायला आणि ज्वाळेच्या बुडाशी फवारा मारायला शिकवलं. बाई दिवसभर सगळ्यांना सांगत सुटल्या. बावीस वर्षांत ह्या बाईला शिकवावं असं आपल्या डोक्यात कसं आलं नाही, हा विचार विरूपाक्षाच्या मनात आला आणि त्यानं तो रागानं ढकलून दिला. आकाराम त्याचा वीस वर्षांचा दोस्त. दोघं एकाच बाकावर बसून जेवायचे. तोसुद्धा एक दिवस भाकरी मोडता मोडता म्हणाला, "पोरगी हुशार हाय बघ, विरूपाक्षा. नुसतं बोलत न्हाय, हातानं काम करती."

"नवं हाय म्हणून करती," विरूपाक्ष म्हणाला. "वर्षभरानं बघू की."

घरीही सुटका नव्हती. मुलगी भूमिका कॉलेजातून आली ती चपला काढायच्या आधीच बोलायला लागली. "बाबा, तुमच्या कंपनीतल्या दीप्ती मॅडम आलत्या आमच्या कॉलेजात! काय भारी बोलल्या! मी पण बीएस्सी झाल्यावर सेफ्टीचा कोर्स करणार."

"मी काय करतो हे तुला कधी विचारावं वाटलं न्हाय," तो म्हणाला. भूमिका गोंधळून बघत राहिली. त्यालाच आपला आवाज परका वाटला.

जूनमध्ये एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीची माणसं सेफ्टीच्या ऑडिटला येणार असं ठरलं. यशराज रोज दीप्तीला केबिनमध्ये बोलावू लागले. पूर्वी अशा वेळी विरूपाक्षाला बोलावणं यायचं. आता त्याला फक्त मागणीच्या चिठ्ठ्या येत होत्या. इतक्या पिना, इतकी सीलं, इतकी कार्डं. तो ती मोजून द्यायचा आणि देताना तिच्या तोंडाकडं बघायचा नाही.

ऑडिटच्या आदल्या दिवशी पाळी सुटल्यावर तो स्टोअर बंद करून निघाला. वाटेत पॅटर्न शॉपचं दार उघडं दिसलं. आत कुणी नव्हतं. दाराशेजारी हुकाला नवा भरलेला सिलिंडर टांगलेला होता, पोटावर पांढऱ्या रंगात सत्तावीस आकडा, गळ्यात दीप्तीच्या सहीचं कार्ड. तो थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं तो हुकावरून काढला, पटांगण ओलांडून स्टोअरमध्ये आणला आणि मातीच्या पोत्यांमागं ठेवला. त्याच्या मनात एवढंच होतं की उद्या ऑडिटवाल्यांनी रिकामा हूक बघावा. 'सही हाय, सिलिंडर कुठाय?' असं तिला विचारावं. ती गप्प व्हावी. मग आपण शोधून आणल्यासारखं करून तो परत अडकवावा. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. घरी जाईपर्यंत त्यानं स्वतःला हे चार वेळा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, ऑडिटची गाडी यायच्या तासभर आधी, पॅटर्न शॉपमधून ओरडा ऐकू आला. आकाराम ग्राइंडरवर पटाशीला धार लावत होता. ठिणगी उडून बाजूच्या भुशाच्या ढिगात गेली. भुशाशेजारी थिनरचा उघडा डबा होता. बघता बघता ज्वाळा बाकाएवढी झाली. दुसरा सिलिंडर मागच्या दाराला होता, आगीच्या पलीकडं. आकाराम वळला आणि सवयीनं पुढच्या दाराच्या हुकाकडं हात केला. हूक रिकामा. बाकावर त्यानं सहा आठवडे खपून केलेला पंपाचा नमुना होता. आकारामनं तो ओढून काढायला ज्वाळेत हात घातला.

विरूपाक्षानं स्टोअरच्या दारातून धूर बघितला.  मग तो आत पळाला, पोती बाजूला फेकली आणि सत्तावीस नंबर उचलून पटांगणातून धावत सुटला. पिन ओढली. ज्वाळेच्या बुडाशी फवारा धरला. सिलिंडर असा सुटला की मूठ हादरली. पांढऱ्या ढगात आग बसली. दीप्ती मशिन शॉपमधला सिलिंडर घेऊन पोचली तेव्हा धुमसत राहिलेला भुसा तिनं विझवला.

"आण्णांनी वाचवलं!" कुणीतरी ओरडलं. "फायरवाले आण्णा ते, उगंच न्हाय!" माणसं त्याच्या पाठीवर थापा मारू लागली. यशराज धावत आले आणि सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतला. कोपऱ्यात आकाराम उजवा हात पाण्याच्या बादलीत घालून बसला होता. त्याचे दात एकमेकांवर वाजत होते.

दीप्तीनं जमिनीवर पडलेला रिकामा सिलिंडर पायानं फिरवला. आकडा वर आला. तिनं तो वाचला आणि विरूपाक्षाकडं बघितलं.

"हा कुठं होता, आण्णा?" तिनं हळू विचारलं.

"स्टोअरजवळ पडलावता," तो म्हणाला.

ती वळली आणि आकारामला गाडीत बसवायला गेली.

ऑडिट पुढं ढकललं गेलं. शनिवारी यशराजांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. दीप्तीचा अहवाल टेबलावर होता. सत्तावीस नंबर जागेवर नव्हता, कारण माहीत नाही, आदल्या सकाळी तपासून सही मी केली होती, एवढंच तिनं लिहिलं होतं.

"सही तुमची, मग सिलिंडर चालत गेला काय?" यशराज म्हणाले. तिच्या हातात त्यांनी मेमो दिला. मग रजिस्टर उचलून विरूपाक्षापुढं सरकवलं. "आण्णा, हे परत तुम्हीच बघा. अनुभव तो अनुभव."

तीन महिने ज्याच्यासाठी तो जळत होता ते त्याच्या हातात आलं. दीप्ती मेमोची घडी घालत होती. तिचा चेहरा पडला होता, पण ती रडली नाही. आणि त्याही घडीला विरूपाक्षाला तिचा हेवा वाटला. आपल्याला असं ताठ उभं राहता आलं नसतं.

स्टोअरमध्ये येऊन त्यानं रजिस्टर उघडलं. त्याच्या जुन्या पानांवर 'ठीक', 'ठीक', 'ठीक' असं खालपर्यंत होतं. तिच्या पानांवर प्रत्येक सिलिंडरपुढं दोन-तीन ओळी होत्या. सत्तावीसपुढं लिहिलं होतं, 'आकाराममामांचा डावा खांदा आखडलेला आहे, उजव्या हातानं एकट्यानं काढता यावा म्हणून हूक सहा इंच खाली घेतला.'

वीस वर्षं तो त्या माणसाशेजारी जेवला होता. खांद्याचं त्याला माहीत होतं. हूक खाली घ्यावा हे त्याला सुचलं नव्हतं. त्यानं रजिस्टर मिटलं आणि पोत्यांकडं बघत बसला.

रविवारी सकाळी तो कळंब्याला आकारामच्या घरी गेला. आकाराम सोप्यात खाटेवर होता. बोटांपासून कोपरापर्यंत पट्टी होती. "ये, बस," तो म्हणाला. "नमुना वाचला बघ. कड जरा काळी पडलीया."

"आकाराम, तो सिलिंडर मी काढलावता."

आकारामला आधी कळलंच नाही. विरूपाक्षानं सगळं सांगितलं. हूक, पोती, ऑडिट. का केलं तेही सांगितलं, आणि सांगताना ते इतकं लहान वाटलं की त्याला पुढं बोलवेना.

"मी हात केला तिथं," आकाराम म्हणाला. "दोनदा केला. वाटलं, धुरात दिसंना झालंय." मग त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. "जा तू आता."

सोमवारी विरूपाक्षानं यशराजांच्या केबिनमध्ये दीप्तीलाही बोलवायला लावलं आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. यशराज लालेलाल झाले. पोलिसांपर्यंतची भाषा झाली.  दीप्ती बाहेर पडल्यावर तो तिच्या मागं गेला.

"मॅडम, मला तुमचा हेवा वाटत होता."

"कळत होतं मला," ती म्हणाली.  "पण मग माझ्यावर काढायचा होता की, आण्णा. माझ्या कार्डावर शाई सांडायची, माझी चुगली करायची. भिंतीवरनं सिलिंडर काढलासा? तो कशासाठी असतोय ते तुम्हाला ठाऊक असून?"

 तिनं थांबून वाट बघितली, मग निघून गेली.

मेमो मागं घेतला गेला. विरूपाक्षाला महिनाभर बिनपगारी घरी बसवलं आणि नंतर स्टोअर काढून घेऊन गेटजवळच्या वजनकाट्यावर टाकलं. पोलिसांत जायचं आकारामनंच नको म्हटलं, असं त्याला नंतर दुसऱ्याकडून कळलं. ऑडिट जुलैत झालं. दीप्ती फाईल घेऊन पाहुण्यांना शेडमधून फिरवताना वजनकाट्याच्या खिडकीतून दिसली, तेव्हा त्याच्या छातीत पुन्हा ती जुनी कळ आली. ती कळ अजून गेली नव्हती. फक्त आता तो तिला नावानं ओळखत होता, आणि ती आली की हातातलं काम सोडायचं नाही एवढं त्यानं ठरवलं होतं.

घरी बसलेल्या महिन्यात तो एक दिवसाआड कळंब्याला जायचा. आकारामला पट्टी बदलायला दवाखान्यात न्यायचं होतं, आणि त्याचा मुलगा पुण्यात नोकरीला. पहिल्या दिवशी आकारामनं दार उघडून त्याला बघितलं आणि परत लावून घेतलं. तिसऱ्या खेपेला तो येऊन मोटारसायकलवर मागं बसला. खांद्याला धरलं नाही. आखडलेला खांदा मागं नेत डाव्या हातानं मागची सळी घट्ट पकडून कळंब्याच्या तळ्याच्या कडेकडेनं तो दवाखान्यापर्यंत तसाच बसून राहिला. विरूपाक्षानं गाडी एवढी सावकाश चालवली की सायकलवाले पुढं निघून गेले. उतरताना आकाराम म्हणाला, "परवा नवाला ये. उशीर झाला की रांग लागती."