डॉक्टरीणबाईंची लाकडी नळी

१६ जुलै १९६६. सकाळपासून आभाळ गच्च, वारा पश्चिमेचा, पाऊस मात्र नाही.

त्या दिवसाचं सांगणारी मी एक लाकडी नळी. वीतभर लांब, सागवानी, एका तोंडाला कर्ण्यासारखी रुंद. वडनेर भोलजीच्या दवाखान्यात टेबलावर उभी असते.

डॉक्टर आशाबाई नागपूरला शिकत होत्या, तेव्हा तिथल्या एका लाकूड कातणाऱ्या खरादीने मला घडवलं. त्याला मी पिपाणी वाटले. देताना त्याने बजावलं, "बाई, हिच्यात सूर लागनार नाही."

सूर लागला. पोटुशी बाई खाटेवर आडवी होते, डॉक्टर माझं रुंद तोंड तिच्या पोटावर टेकवतात आणि दुसऱ्या तोंडाला कान लावतात. जो अजून जन्मलाच नाही, त्याच्या काळजाचे ठोके माझ्यातून जातात. किती बाळं ऐकली, तरी दर वेळी माझ्या लाकडाला शहारा येतो. नाव नाही, उजेड पाहिलेला नाही, आणि केवढी ती घाई! बाहेर ओट्यावर भांडणाऱ्या बायाही तेवढा वेळ गप्प बसतात.

आशाबाई रोहिणखेडच्या. वडील तुळशीराम वांगी-मिरची पिकवतात. त्या उन्हाळ्यात बाईंना इंग्लंडच्या एका इस्पितळात नोकरी मिळाली. तिथला महिन्याचा पगार इथल्या वर्षाच्या पगाराहून जास्त, शिवाय पुढचं शिक्षण. ऑगस्टअखेर निघायचं होतं. मिरचीच्या वाफ्यातून निघालेली वाट समुद्रापलीकडे जाते, याचं मला अजून नवल वाटतं.

अडलं होतं ते गावातल्या पुष्पाबाईचं. तिची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्याचे दिवस सप्टेंबरात भरत होते आणि आसपास दुसरा डॉक्टर नव्हता.

त्या सकाळी तिची सासू बनाबाई तिला घेऊन आली. पदरात खण-नारळ होता. डॉक्टरांची ओटी भरायची म्हणाली. लग्न न झालेल्या पोरीची ओटी कशी भरता, असं नर्स अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"इतक्या दूर जाऊन राह्यली, सासरच झालं ना ते," बनाबाई म्हणाली. "नांदाले जानाऱ्या लेकीले कोनी अडवत नाही. फक्त दिवाळीले तिले आनाले मुराळी कोन धाडाव, ते सांग."

सगळ्या हसल्या. आशाबाईही हसल्या. मग त्यांनी मला पुष्पाबाईच्या पोटावर टेकवलं, स्वतः ऐकलं आणि बनाबाईला खूण केली. म्हातारीने भीतभीत कान लावला.

"घोडं धावून राह्यलं वं," ती हळूच म्हणाली.

बराच वेळ तिने कान काढला नाही. तिचा गाल माझ्यावर ओला झालेला मला कळला. मग डॉक्टरांकडे न बघता म्हणाली, "थांब म्हनत नाही मी तुले. पन तू गेल्यावर ह्याले कोन ऐकन?"

अन्नपूर्णाबाई मलमपट्टीत तरबेज, पण माझ्याशी त्यांची कधी गाठ पडली नव्हती. डॉक्टरांनी त्यांना जवळ बोलावून त्यांचा कान माझ्यावर टेकवला. पुढे येईल त्या बाईला आधी अन्नपूर्णाबाई ऐकायच्या, मग डॉक्टर. ठोके मंदावले तर गाडी जोडून लगेच मलकापूरच्या इस्पितळात न्यायचं, हे रोज बजावणं चाले.

माझं मागणं एवढंच, की मला कुणी कान लावला असेल तेव्हा बोलू नका.

आशाबाई २७ ऑगस्टला मुंबईहून विमानाने गेल्या. पुष्पाबाईला १९ सप्टेंबरला अन्नपूर्णाबाईंच्या हातून मुलगी झाली, वजन अडीच किलो. मायलेकी सुखरूप आहेत. डॉक्टरची जागा रिकामी आहे.