यादीतलं बारावं नाव

माझा आवाज चांगला आहे असं मला पहिल्यांदा सांगितलं ते झुलालभाऊंनी, आणि तिथून माझं सगळं बिघडत गेलं. तोपर्यंत मी शिंदखेड्याहून जळगावला मावशीकडे शिकायला आलेला, सायन्स घेतलेला एक साधा मुलगा होतो. अकरावीच्या गणपतीत आमच्या पिंप्राळ्यातल्या मंडळाच्या माईकवरून मी एका हरवलेल्या पोराचं वर्णन सांगितलं. पोरगं मांडवामागेच झोपलेलं सापडलं, त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. पण माईक भाड्याने देणारे झुलालभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, तुझा गळा वाया चाललाय."

झुलालभाऊंची एक रिक्षा होती. टपावर दोन भोंगे, मागच्या सीटवर बॅटरी आणि अ‍ॅम्प्लिफायर, आणि त्याला टेकून बसणारा एक बोलणारा. आधीचा बोलणारा एस.टी.त कंडक्टर म्हणून लागला होता. मी कॉलेज सुटल्यावर चार ते सात त्या जागी बसू लागलो. सिनेमा, साड्यांचा सेल, सर्कस, नव्या चहाच्या पुड्या, जे येईल ते. "लक्षात ठेवा, विसरू नका, शेवटचे तीन दिवस," हे वाक्य मी इतकं भरदार म्हणायचो की एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी रिक्षा थांबवून विचारलं होतं, कशाचे शेवटचे तीन दिवस ते.

महिन्याभरात मी घरातही शुद्ध बोलू लागलो. मावशीला म्हणालो, "मावशी, भाजीमध्ये मीठ किंचित कमी जाणवते आहे." लिलाबाई मावशीने भाकरी थापता थापता वरसुद्धा न बघता म्हटलं, "घरमा बी भोंगा लाईसन बोलस का रे?"

बारावीत गेल्यावर मी पुण्याला इंजिनीअरिंगला जाणार हे जाहीर केलं. इंजिनीअर होऊन काय करणार, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. चुडामणने मात्र विचारलं. चुडामण माझ्या वर्गात होता. नशिराबादहून सायकलने यायचा, आणि कॉलेजनंतर नवी पेठेतल्या एका मेडिकल दुकानात औषधं काढून द्यायला उभा राहायचा. गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली पुस्तक उघडं.

"इंजिनीअरच का?" तो म्हणाला.

"पुण्याला हॉस्टेल असतं," मी म्हणालो.

त्याने यावर थोडा विचार केला. तो प्रत्येक गोष्टीवर विचार करायचा, ही त्याची एक वाईट सवय होती. मग म्हणाला, "आता जळगावला वेगळं विद्यापीठ झालंय. पुण्याच्या दृष्टीने आपण बाहेरचे. जागा कमी असतात आपल्याला. तू फॉर्मची माहिती काढलीस का?"

मी माहिती काढली नव्हती. मी माहितीपत्रक आणलं होतं आणि त्यावरचं इमारतीचं चित्र पाहिलं होतं. चुडामणने मात्र एका वहीत सहा कॉलेजांची नावं लिहिली होती, आणि प्रत्येकापुढे दोनच गोष्टी: मागच्या वर्षी किती टक्क्यांना प्रवेश बंद झाला, आणि तिथे राहून कुठलं काम मिळू शकेल. मला ते फार कोतं वाटलं. माणसाने मोठं स्वप्न पाहावं, असं मी त्याला रिक्षात बसून शिकवलं.

अभ्यासाचं म्हणाल, तर मी युक्ती काढली होती. दोन जाहिरातींच्या मधल्या वेळात पाठांतर. फेब्रुवारीत बळीराम पेठेत साड्यांचा सेल पुकारत होतो. गल्ली संपली, मी फिजिक्सचं पुस्तक उघडलं आणि मोठ्याने म्हणू लागलो की लंबकाचा आवर्तनकाल त्याला टांगलेल्या वजनावर अवलंबून असतो. तीन वेळा म्हटलं. चौथ्या वेळी एक स्कूटर रिक्षाला आडवी येऊन थांबली. वर हिलाल सर होते. ते आम्हाला फिजिक्स शिकवायचे आणि सकाळी घरी क्लासही घ्यायचे, त्या क्लासलाही मी आणि चुडामण जात होतो.

"माईक बंद कर आधी," ते म्हणाले. मी केला. "वजनावर अवलंबून नसतो. लांबीवर असतो. अर्ध्या जळगावला चुकीचं शिकवलंस."

मी ओशाळलो, पण खरं सांगायचं तर थोडा सुखावलोही. अर्ध्या जळगावने ऐकलं होतं.

जूनमध्ये निकाल लागला. चुडामणला सत्याऐंशी टक्के. मला एक्कावन्न, त्यात फिजिक्सला अडतीस. इंजिनीअरिंगला फॉर्म भरायला जेवढे लागतात तेवढेही माझे तिन्ही विषय मिळून होत नव्हते. म्हणजे पुण्याने मला नाकारलं असंही म्हणता येईना. पुण्यापर्यंत माझं प्रकरण पोचलंच नव्हतं. मावशीला मी सांगितलं, "पास झालो, टक्के नंतर कळतील." ती देवापुढे दिवा लावून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी हिलाल सर झुलालभाऊंकडे कागद घेऊन आले. त्यांच्या क्लासच्या अकरा गुणवंतांची नावं शहरभर पुकारायची होती. मला तिथे बघून त्यांनी कागद खिशात परत घातला. "उद्या देतो," म्हणाले. झुलालभाऊंनाही कळलं. ते म्हणाले, "अभिमन, आज तू सुट्टी घे. मी दुसरा कोणी बघतो."

मी तेव्हा घरी जायला पाहिजे होतं. पण माझ्या आवाजाची जागा दुसऱ्याने घ्यावी, हे मला माझ्या निकालापेक्षा जास्त लागलं. मी म्हणालो, "काम म्हणजे काम, भाऊ. आणा तो कागद." सरांनी नाइलाजाने तो पुन्हा खिशातून काढला.

नवी पेठेत आलो तेव्हा चुडामण काउंटरवर एका बाईला खोकल्याचं औषध कागदात गुंडाळून देत होता. यादीत पहिलं नाव त्याचंच होतं. मी ते असं म्हटलं की समोरच्या घड्याळाच्या दुकानातले लोक बाहेर आले. चुडामणचे कान लाल झाले. त्याने मान खाली घातली आणि त्या बाईला औषध दिवसातून किती वेळा घ्यायचं ते सांगू लागला. पण रिक्षा पुढे गेल्यावर मी मागे पाहिलं, तर दुकानाचे मालक त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

दोन तासांत ती अकरा नावं मला पाठ झाली. मग आम्ही रेल्वे फाटक ओलांडून पिंप्राळ्यात शिरलो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मावशी उभी होती. भोंग्याचा आवाज तिने लांबूनच ओळखला असणार. शेजारच्या तानुबाई, समोरच्या घरातल्या दोघी, सगळ्यांना तिने ओट्यावर बोलावलं होतं. "क्लासना पोरेसना नावे सांगी राह्यना," ती त्यांना म्हणत होती. मी वाचायला लागलो. प्रत्येक नावाला ती मान हलवायची आणि पुढच्याची वाट बघायची. नववं झालं. दहावं झालं. अकरावं झालं तरी ती तशीच माझ्याकडे बघत उभी. तिला यादीत किती नावं आहेत हे माहीत नव्हतं.

"आणि," मी म्हणालो. हे "आणि" तोंडातून कसं निघालं ते मला आजही सांगता येणार नाही. "आणि अभिमन पितांबर भदाणे."

टक्के सांगितले नाहीत. तेवढी लाज होती.

मावशीने पदर डोळ्याला लावला. तानुबाई आत जाऊन वाटीभर साखर घेऊन आल्या. झुलालभाऊंनी रिक्षा चालू ठेवली, दोन गल्ल्या पुढे गेले, एका भिंतीच्या सावलीत थांबले आणि हात मागे करून माईकचं बटण बंद केलं.

"कागदावर अकरा नावं होती."

"हो."

"मी बारा मोजली."

मी कागदाची घडी घातली.

"माझ्या भोंग्यातून असं खोटं कधी गेलं नाही, अभिमन."

"भाऊ," मी म्हणालो, "आपण त्या सेलचे शेवटचे तीन दिवस दिवाळीपासून सांगतोय."

"तो धंदा शे," झुलालभाऊ शांतपणे म्हणाले. "लोकांना माहीत असतं. हे खोटं शे."

मागे एकदा सर्कशीच्या खेळाची वेळ मी चुकीची पुकारली होती, तेव्हा त्यांनी सगळ्या पेठा पुन्हा फिरायला लावल्या होत्या. आताही त्यांनी रिक्षा वळवली. मावशीच्या ओट्यासमोर रिक्षा उभी केली आणि बटण चालू केलं.

मी म्हणालो, "नागरिकांनी कृपया लक्ष द्यावे. मघाच्या घोषणेत एक नाव जास्तीचे वाचले गेले. अभिमन पितांबर भदाणे हे नाव यादीत नाही." एवढं बोलून थांबलो असतो तर निभावलं असतं. पण सवयीने पुढचंही निघून गेलं: "लक्षात ठेवा, विसरू नका."

गल्लीतली पोरं हसली. मावशी हसली नाही. ती रिक्षाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मी त बठ्ठी गल्लीले साखर वाटी टाकी रे." मग जरा थांबून, "आणि तानुबाईना मालक आत्तेच गाडीवर गया. त्यासनाकडे तुना बापले निरोप धाडेल शे."

तानुबाईंचे यजमान दुपारच्या पॅसेंजरने शिंदखेड्याला निघाले होते. पहिली घोषणा त्यांच्याबरोबर गेली. दुरुस्ती मागेच राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. माझे वडील तसे कमी बोलणारे, बाजारालासुद्धा एकटे जाणारे. त्या दिवशी इस्त्रीचं धोतर, डोक्याला नवी टोपी, हातात पिशवी. पिशवीत नारळ आणि शाल. "सरसना सत्कार कराना शे," ते मावशीला म्हणाले. मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि चहाचं निमित्त करून आत गेली.

मी आबांना घरात सांगू शकलो नाही. सरांच्या घरच्या वाटेवर, फाटकाशी मालगाडी आडवी आली म्हणून थांबलो, तेव्हा सांगितलं. डबे खूप होते. गाडीच्या आवाजात मला दोनदा सांगावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझा आवाज लहान निघत होता.

सगळे डबे गेले. फाटक उघडलं. सायकली, स्कूटर, रिक्षा आमच्या बाजूने पुढे निघाल्या. आबा जागचे हलले नाहीत.

"कितला पडनात?" त्यांनी विचारलं.

"एक्कावन्न."

"पास शे ना?"

"शे."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मंग चाल. नारय आणेल शे, तो वापस कसा लई जाऊ?"

हिलाल सरांच्या घरी तो सत्कार झाला. खुर्चीत बसलेले सर, त्यांच्या खांद्यावर शाल, समोर ज्यांचा मुलगा सरांच्याच विषयात अडतीसवर थांबला ते आबा, आणि कोपऱ्यात मी. सर फार संकोचले. त्यांनी माझी गुणपत्रिका मागितली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "भाऊसाहेब, पोराला सायन्समध्ये घालून आपण सगळ्यांनी वेळ घालवला. याला मराठीत चौऱ्याहत्तर आहेत. आर्ट्सला घाला." मग माझ्याकडे वळून, "कुठे जाशील? इथे जळगावला की धुळ्याला?"

"धुळ्याला," मी लगेच म्हणालो.

आबांना वाटलं, घर जवळ म्हणून. सरांना वाटलं, कॉलेज चांगलं म्हणून. कारण एकच होतं. धुळ्यात माझा आवाज कोणी ऐकला नव्हता.

निघण्याआधी मी चुडामणला भेटलो. त्याला पुण्याला प्रवेश मिळेल असे गुण होते. तो म्हणाला, जळगावलाच इंजिनीअरिंग करणार.

"पुणे सोडून?" मी म्हणालो. मला स्वतःसाठी झालं नव्हतं तेवढं दुःख त्याच्यासाठी झालं.

"मालक संध्याकाळचं काम चालू ठेवतो म्हणालेत. पुण्यात नवं काम शोधेपर्यंत पहिलं सत्र जाईल." त्याने वही उघडून दाखवली. सहापैकी पाच नावांवर बारीक रेघ मारली होती. मग संकोचत म्हणाला, "तू माझं नाव पुकारलंस ना, ते ऐकून ते तयार झाले. आधी त्यांना मी काय शिकतो हेसुद्धा माहीत नव्हतं."

त्या दिवसातून कोणाचं काही भलं झालं असेल, असं मला वाटलं नव्हतं. मी मान डोलावली आणि जणू ते ठरवूनच केलं होतं असा चेहरा केला.

धुळ्याला कॉलेजच्या खिडकीवर क्लार्कने विचारलं, "विषय?" याचा मी विचारच केला नव्हता. मागे उभा असलेला साक्रीकडचा एक अनोळखी मुलगा वैतागून म्हणाला, "भूगोल घे ना, प्रॅक्टिकल असतं. रांग अडवू नको." मी भूगोल घेतला. आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय असा रांगेतल्या मागच्या माणसाने घेतला, आणि तो माझ्या सगळ्या निर्णयांपेक्षा बरा निघाला. आग्रा रोडवरच्या एका छापखान्यात मला लग्नपत्रिकांची मुद्रितं तपासायचं काम मिळालं. ते मुकाट्याने करायचं काम होतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही मोजणीची साखळी घेऊन पांझरेच्या काठाने उन्हात फिरलो. साखळी ताणून धरायची, खुणा करायच्या, संध्याकाळी कागदावर नकाशा काढायचा. दिवसभर पाहिलेलं नदीचं वळण कागदावर बरोबर त्याच जागी येई. मला विषय कळतोय, असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. प्रॅक्टिकलला वर्गात दुसरा आलो आणि त्याच दिवशी आबांना पोस्टकार्ड टाकलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. एकच ओळ होती, गावच्या मास्तरांच्या हाताने लिहिलेली: मार्कशीट घेऊन ये.