शेंदराखालची चीर

अर्जुनरावाचा निरोप आला तेव्हा म्हाळू दोन वर्षांत पहिल्यांदा हसला, आणि ते हसू काही बरं नव्हतं. माजलगावपासून बीडपर्यंत मोडकं इंजिन उघडून पुन्हा उभं करणारा माणूस एकच, हा म्हाळू. बाप मेंढरं राखायचा. हा जिनिंगात इंजिनं पुसता पुसता ती खोलायला शिकला. आणि ज्या इंजिनानं त्याचा थोरला भाऊ आसाराम खाल्ला, तेच नीट करायला मालकानं त्यालाच बोलावलं. निर्लज्जपणाला काही हद्द असावी की नाही?

अर्जुनराव गावचा बडा जमीनदार. सिंदफणेच्या काठावर त्याचा लाकूड कापायचा आरा, आरा चालवायला घासलेटवरचं इंजिन, आणि इंजिनावर आसाराम. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इंजिनाच्या चालत्या जड चाकाचा वीतभर तुकडा उडाला आणि त्याच्या छातीत बसला. मालकानं लगेच आवई उठवली, "खंडेनवमीला पुजलेल्या इंजिनावर वहाणा घालून चढला. देव कोपनार न्हाई तर काय?" गावानं मान डोलवली. आसारामची बायको कडूबाई, तिला मग कुणी पेरणीला बोलवीना. तिचा हात लागला तर बी जळंल म्हणे! बी जळंल! ह्या गावाच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं.

म्हाळूनं इंजिन खोललं. दट्ट्या घासला, रिंगा बदलल्या, आतली काजळी खरवडली, जालन्याहून एक जुनं चाक वाजवून पारखून आणलं. मग म्हणाला, "मालक, पाचरीच्या मापाला मोडकं चाक लागंल."

"कोठीत पडलंय, घे," अर्जुनराव म्हणाला. त्याला वाटलं, मेंढक्याच्या पोराला काय कळतंय.

तेलकट पोत्याखाली तो तुकडा निघाला. ज्यानं भाऊ मारला तो. पण म्हाळूचे डोळे कामाचे होते. चाक बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं; ते ताजं मोडलं की आतून दाणेदार दिसतं, जुनी चीर असली की काळी पडते. इथं अर्धी मोड दाणेदार होती, अर्धी काळीकुट्ट. आणि त्या काळ्यात, पार आतपर्यंत, लाल रेघ. त्यानं नख लावलं. शेंदूर!

शेंदूर तर बाहेरून लावतात. तेलात कालवलेला शेंदूर आत पाझरला, म्हणजे पूजेच्या आधीच चाकाला चीर होती. आणि या इंजिनाला शेंदूर एकच माणूस लावायचा.

दुपारी कडूबाई भाकरी घेऊन आली. त्यानं तुकडा पुढं केला. तिनं लाल रेघेवरून बोट फिरवलं.

"त्येंनी सांगितलं होतं मालकाला," ती म्हणाली. "चाक फुटक्या मडक्यावानी वाजतंय म्हनून. घरी येऊन मला बी बोलले. दुसऱ्या दिशी बघतेत तर जाडजूड शेंदूर थापलेला. मी म्हनलं, खरवडून बघा की. तर मलाच रागावले, देवाला नख लावू व्हय?"

म्हाळूचे दात करकरले. "वैनी, नवं चाक दांड्यावर धरून ठिवनारी पाचर मी ठोकनार न्हाई. नुसती बोटानं सरकवून ठिवतो. पुजा करून पहिलं चाक फिरवायचा मान मालकाचाच. जोर धरला की चाक निसटून त्याच्या अंगावर जाईल. त्याचं मरन बी कोपलेल्या देवावर जाईल."

"मेल्यावर तो काय बोलंल?" कडूबाई म्हणाली. "मला त्याच्या तोंडून ऐकायचंय, भावजी."

पाचर मात्र म्हाळूनं बोटानंच सरकवली.

खंडेनवमीला गाव जमलं. धारूरचे लाकडाचे ठेकेदार विठ्ठलरावही आले. ते आरा इंजिनासकट विकत घेणार होते. अर्जुनरावानं नव्या चाकाला बोटभर शेंदूर फासला, नारळ फोडला आणि बाह्या मागं सारल्या.

म्हाळूच्या डोळ्यांसमोर भावाची छाती आली. फिरव, त्याच्या मनात आलं, फिरव की रे सुक्काळीच्या! मालकानं चाकाला हात घातला. समोर कडूबाई उभी होती आणि ती मालकाकडं नाही, म्हाळूकडं बघत होती.

"थांबा!" म्हाळू ओरडला. पुढं होऊन त्यानं दोन बोटांनी पाचर उपसली. घणानं निघायची पाचर अशी अलगद निघालेली बघून विठ्ठलराव चार पावलं मागं सरले.

"काय बे म्हाळ्या! मला मारतो काय?" अर्जुनराव गरजला.

"लई मनात होतं," म्हाळू म्हणाला. "मालक, या इंजिनाला शेंदूर कोन लावतं?"

"मीच. दुसऱ्याचा हात लागू देत न्हाई, आख्ख्या गावाला ठावं हाय."

"आख्ख्या गावानं ऐकलं." म्हाळूनं पोत्यातून तुकडा काढून विठ्ठलरावांच्या हातात दिला. "तुमी इंजिनं पारखनारे मानूस. ह्यो आसारामला लागलेला तुकडा. सांगा, चिरीच्या आत शेंदूर कवा जातो?"

विठ्ठलरावांनी तुकडा उन्हात धरला. "चीर आधी, शेंदूर मागून," ते हळूच म्हणाले. मग अर्जुनरावाकडं बघत म्हणाले, "दसऱ्याला आरा बंद ठेवायला नको, म्हणून लिंपलीत होय?"

अर्जुनरावाच्या कपाळावर घाम फुटला. "दोन दिसांत नवं चाक आननारच होतो…"

झालं. तोंडातून गेलं ते गेलं. माणसं एकमेकांकडं बघू लागली. वहाणांची गोष्ट सगळ्यांत जोरात सांगत फिरणारा मुंजाजी खाली मान घालून बसला. विठ्ठलरावांनी तुकडा खाली ठेवला आणि घोडा सोडायला सांगितला. सौदा मोडला.

"म्हंजे ठावं होतं," कडूबाई म्हणाली. तिनं तुकडा उचलला, गावच्या पारापाशी नेला आणि लाल रेघ रस्त्याकडं करून ठेवला.

"वैनी, शेंदूर लावू का?" म्हाळूनं विचारलं.

"लावू नगा. झाकंल."

तुकडा तिथंच राहिला. उचलायची कुणाची छाती झाली नाही. अर्जुनरावाच्या घराहून कुठंही जायचं, तर वाट त्याच पारावरून होती.