चक्कर येऊन

बायको गेल्याचं चष्मेवाल्याला दुपारी कळलं. ती कशी गेली हे दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात कळलं, आणि ते खोटं होतं.

दुपारी तो दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होता. शिंपीणबाई धावत आली, पायात चप्पल नव्हती. बाजारातल्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर तिचं शिवणकामाचं दुकान आहे. चष्मेवाल्याच्या कोटाचं अस्तर बदलायला टाकलं होतं, ते आणायला बायको तिच्याकडे गेली होती. "चला," एवढंच शिंपीणबाई म्हणाली. गिऱ्हाईक फ्रेम नाकावर ठेवून आरशात बघत राहिलं.

तो पोचला तेव्हा बायको खालच्या पायरीपाशी होती आणि तिच्या अंगावर कुणीतरी तोच कोट घातला होता. वर कठड्याचा लोखंडी बार भिंतीतून उपटून जिन्यात आडवा लोंबत होता. शिंपीणबाईनं दारात उभं राहून सगळं पाहिलं होतं आणि ती पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. "कठडा धरला हो तिनं. धरला आणि तो हातातच आला."

पेपरातली बातमी चार ओळींची होती. मथळा होता, 'जिन्यावर चक्कर येऊन महिलेचा मृत्यू'. कठड्याचा उल्लेख नव्हता. चक्कर मात्र दोनदा होती, एकदा मथळ्यात आणि एकदा खाली, वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटू नये म्हणून.

घरात माणसं भेटायला आलेली. मेव्हणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, पेपर मांडीवर घेऊन बसली होती.

"भावजी, ताईला चक्कर यायची?"

"नाही."

"पेपरात आलंय."

"पेपरात राशिभविष्यही येतं."

"थट्टा नका करू. चक्कर येते हे घरच्याशिवाय कुणाला कळणार? तुम्ही लपवलंत. तिला वेळेवर डॉक्टरकडे नेली असतीत तर आज ती असती."

त्यानं शिंपीणबाईला बोलावून आणलं. तिनं सगळं सांगितलं, रडली, पुन्हा सांगितलं. मेव्हणीनं ऐकून घेतलं आणि शिंपीणबाई निघून गेल्यावर म्हणाली, "ती तुमच्याच बाजारातली. तुमच्या बाजूनंच बोलणार. छापून आलेलं काय उगाच येतं?"

त्या दिवसापासून मेव्हणीनं त्याच्या घरचं पाणी घेणं सोडलं. येई, दारात उभी राही, बहिणीच्या फोटोकडे बघे आणि जाई.

इमारतीच्या सेक्रेटरीचं आणखी सोपं झालं. त्यानं बार पुन्हा जागेवर टेकवला, नायलॉनच्या दोरीनं बांधला आणि चष्मेवाला भांडायला गेला तेव्हा टेबलाच्या काचेखालचं कात्रण दाखवलं. "दुःख आहे, मान्य आहे. पण कठड्याचा काय संबंध? छापून आलंय, चक्कर आली म्हणून." ते कात्रण त्यानं काचेखाली असं ठेवलं होतं, जसं कुणी लेकाचं प्रशस्तिपत्रक ठेवतं.

चष्मेवाला पेपरच्या कचेरीत गेला. खाली काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता सांगितलं, "दुरुस्तीसाठी मेल टाका." त्यानं टाकला. उत्तर आलं नाही. पुन्हा टाकला. पेपरचं वर्गणीदार होण्याचं आमंत्रण आलं. तिसऱ्यांदा तो स्वतः गेला तेव्हा भिंतीवर जाहिरात दिसली. 'नागरिक पत्रकार व्हा! एकच बातमी पेपर, रेडिओ, व्हिडिओ आणि मोबाइलसाठी तयार करायला शिका. उत्तम बातम्यांना आमच्या चारही माध्यमांत प्रसिद्धी.' शेवटचं वाक्य वाचून त्यानं नाव घातलं. बाकीच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

वर्ग कचेरीच्या वरच्या मजल्यावर भरे. कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड, त्यावर खरी धूळ. शिकवायला पेपरमधलाच एक जुना बातमीदार होता. बाकीचे त्याला सर म्हणत. चष्मेवाला मनात त्याला कात्री म्हणे, कारण तो दुसरं काही बोलतच नसे. "कापा. अजून कापा. हे कुणाला हवंय? कापा."

कात्री शिकवी ते ऐकून हसू येई आणि मग राग येई. बातमी एकच, ती चार भांड्यांत ओतायची. पेपरसाठी महत्त्वाचं आधी लिहायचं, कारण जागा कमी पडली की खालून कापतात. शेपटी गेली तरी जनावर जिवंत राहिलं पाहिजे. रेडिओसाठी मोठ्यानं वाचून बघायचं, दम लागला तर वाक्य लांब झालं. व्हिडिओला आधी चित्र. चित्र नसेल तर घडलेलंही घडलं नाही. आणि मोबाइलला एक ओळ, अशी की सरकणारा अंगठा थांबला पाहिजे.

"थांबून काय करायचं त्यानं?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"कुणी?"

"अंगठ्यानं."

शेजारी बसणारी निवृत्त नर्सबाई खुदकन हसली. तिला सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीची बातमी करायची होती. पुढच्या बाकावरच्या जिमवाल्याला कसलीच बातमी करायची नव्हती, त्याला फक्त कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं होतं. तो पाइप फुटल्याची बातमीही दंड आवळून सांगे.

चष्मेवाल्याचा पहिला रेडिओ सगळ्या वर्गानं ऐकला. कात्रीनं डोळे मिटले. "आजोबा, बातमी सांगताय की गिऱ्हाइकाला खालच्या ओळीतली अक्षरं वाचायला लावताय?"

"आजोबा तुमचे घरी," चष्मेवाला म्हणाला. पण घरी जाऊन त्यानं बातमीतलं वाक्य रिकाम्या खोलीत परत परत म्हटलं. दम लागत होता हे खरं होतं.

हळूहळू त्याला जमायला लागलं आणि याचीच त्याला जास्त चीड आली. रस्त्यात दोन माणसं भांडताना दिसली की त्याच्या डोक्यात आपोआप मथळा तयार होई. एकदा दुकानात एक म्हातारा आपल्या मोतीबिंदूची कहाणी सांगत होता, तर चष्मेवाल्यानं मनातल्या मनात त्याची शेपटी कापली.

मग आगीचा सराव आला. कात्रीनं सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या. फर्निचरचं दुकान, पहाटे आग, बंब आले, कुणी दगावलं नाही. फळ्यावर सहा प्रश्न लिहिलेले होते: कोण, काय, कधी, कुठे, कसं, का. कात्रीचा दंडक असा की एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही. रिकामा प्रश्न म्हणजे तुटका दात, तो म्हणे.

सगळ्यांनी लिहिलं. कात्रीनं कागद गोळा केले, भराभर चाळले. "शाब्बास. सगळ्यांनी सहाही उत्तरं दिलीत. शॉर्टसर्किटमुळे, शॉर्टसर्किटमुळे, शॉर्टसर्किटमुळे. छान."

चष्मेवाल्याचा कागद वरच होता. त्याच्या स्वच्छ अक्षरात, चष्म्याचे नंबर लिहून वळण लागलेल्या अक्षरात, तोच शब्द होता. त्यानं खिशातून चिठ्ठी काढून पुन्हा वाचली.

"सर, चिठ्ठीत कारण दिलेलंच नाही."

"नसतंच. आग लागली की शॉर्टसर्किट. लिहून टाकायचं."

"आणि बाई जिन्यावरून पडली की?"

"वय झालेली असली तर चक्कर," कात्री कागद नीट करत म्हणाला. "तरुण असली तर पाय घसरला."

वर्गात दोघंतिघं हसले. जिमवाल्यानं वहीत लिहून घेतलं.

वर्ग सुटल्यावर चष्मेवाल्यानं कात्रण कात्रीसमोर ठेवलं. "ही बातमी कुणाची?"

कात्रीनं वाचली. "माझीच. छान बसलीय बघा, चार ओळींत सगळं." मग त्याचं लक्ष चष्मेवाल्याच्या तोंडाकडे गेलं. "तुमच्या ओळखीच्या होत्या?"

"बायको."

कात्रीनं खुर्ची ओढली, पण बसला नाही. "हे बघा, पान छापायला सोडायची वेळ झाली होती. इमारतीत फोन केला. वॉचमन म्हणाला, बाई जिन्यावरून पडली, गेली. आता 'का' मध्ये काहीतरी घालायला हवं ना."

"तुम्ही घातलंत आणि माझ्या मेव्हणीनं माझ्या घरचं पाणी सोडलं. मी बायकोला डॉक्टरकडे नेलं नाही, असं सगळी सासुरवाडी म्हणतेय. कठडा सुटला होता. बघणारी बाई वरच्या मजल्यावर बसलेली होती. एक जिना चढला असतात तर भेटली असती."

"तो जिना?" कात्री म्हणाला, आणि जीभ चावली.

चष्मेवाल्याला वाटलं, हाच इसम उद्या आपण मेलो तर आपल्यालाही काहीतरी चिकटवेल. "दुरुस्ती छापा," तो म्हणाला.

"एवढ्या दिवसांनी दुरुस्ती कोण छापतं? पण एक करा. परीक्षेची बातमी याच्यावरच करा. कठड्यावर. चारही माध्यमांत. मी लावतो. शब्द देतो."

चष्मेवाल्याला या शब्दाची किंमत कळत होती. पण दुसरं दार नव्हतं, म्हणून तो याच दारातून आत गेला.

शिंपीणबाईसमोर माइक धरला तर तिचा आवाजच बदलला. "सदर महिला माझ्या दुकानातून प्रस्थान करीत असताना..."

"शिंपीणबाई, कोर्टात नाही आहात. त्या दिवशी मला सांगितलंत तसं सांगा."

"त्या दिवशी मी रडत होते."

"मग थांबू थोडं."

तिनं मशीन चालू केलं. हातात काम आलं तशी ती बोलू लागली, आणि मशीनच्या खडखडीत ते वाक्य आलं. कठडा धरला हो तिनं. धरला आणि तो हातातच आला. चष्मेवाल्यानं ते एकदाच रेकॉर्ड केलं. दुसऱ्यांदा सांग म्हणायची त्याची छाती झाली नाही.

व्हिडिओत त्यानं दोरी दाखवली आणि बोटानं बार हलवून दाखवला. बार लहान मुलाच्या पडायला आलेल्या दातासारखा हलला. पेपरसाठी लिहिताना कठडा पहिल्याच वाक्यात घातला, म्हणजे कुणी खालून कितीही कापलं तरी तो राहावा. मोबाइलची ओळ होती, 'बाजार इमारतीचा कठडा अजून सुटलेलाच. जिना जपून उतरा.' नर्सबाईनं चारही रूपं बघितली आणि म्हणाली, "चांगलं झालंय हो. माझी टाकी याच्यापुढे काहीच नाही."

कात्रीलाही आवडलं. तो बातमी घेऊन संपादकाकडे गेला आणि खाली मान घालून परत आला.

"वर विचारतायत, आज नवीन काय घडलं? कठडा तर तेव्हापासूनच सुटलेला आहे."

"म्हणजे अजून एखादी बाई पडायला हवी?"

"तसं नाही." कात्रीनं जरा विचार केला. "पण तसंच. मात्र ऐका, त्यांना तुम्ही आवडलात. बायको गेलेला माणूस या वयात माइक धरायला शिकतो. हे चालेल. चारही ठिकाणी चालेल."

"मी बातमी नाही."

"तुमच्याशिवाय कठडा जाणार नाही. तुमच्याबरोबर जाईल. शब्द देतो."

चष्मेवाला रात्रभर चडफडला. सकाळी हो म्हणाला. कठडा छापून आला, मेव्हणीनं तो वाचला, की बाकी जगानं आपल्याला माकड म्हटलं तरी चालेल, असा त्याचा हिशेब होता. त्यानं माइक हातात धरून फोटो काढून घेतला. फोटोवाला म्हणाला, "थोडं उदास व्हा," आणि चष्मेवाल्यानं त्याच्याकडे असं बघितलं की तोच फोटो पसंत पडला.

बातमी आली. पानभर नाही, पण मोठी. मथळा होता, 'अश्रूंना दिला आवाज!' रेडिओवर शिंपीणबाईच्या मशीनची खडखड काढून तिथे बासरी घातली होती, आणि बासरीखाली तिचं वाक्य अर्धंच ऐकू येत होतं. व्हिडिओत जिमवालाच निवेदक होता. मोबाइलच्या ओळीत कठडा नव्हता, एक रडणारा पिवळा चेहरा होता. पेपरात कठडा शेवटच्या परिच्छेदात होता असं कात्रीनं नंतर सांगितलं. ऐनवेळी रंगाच्या डब्यांची जाहिरात आली आणि शेपटी गेली. छापल्या गेलेल्यात तिसरं वाक्य असं होतं: 'काही महिन्यांपूर्वी त्यांच्या पत्नीचा जिन्यावर चक्कर येऊन मृत्यू झाला होता.'

त्यानं कात्रीला फोन केला. कात्रीलाही थोडं वाईट वाटलेलं असावं, कारण त्यानं फोन उचलला.

"मागची माहिती जुन्या बातमीतूनच उचलतात हो. पद्धतच आहे. मी त्या दिवशी सुटीवर होतो."

"जुनी बातमी खोटी आहे हे तुम्हाला माहीत आहे."

"मला आहे. लिहिणाऱ्या मुलीला कुठे होतं? तिनं शोधलं, तिला तीच सापडली." मग तो जरा अडखळला. "प्रमाणपत्र घ्यायला या. समारंभ आहे."

संध्याकाळी मेव्हणी आली. या वेळी दारात थांबली नाही, आत आली, पेपर टेबलावर पसरला आणि त्या वाक्याखाली नख ओढलं.

"आता काय म्हणाल, भावजी? वर तुमचाच फोटो आहे. आता तर तुम्हीच सांगितलंत."

"मी नाही सांगितलं."

"मग कुणी? माइक तुमच्या हातात आहे."

त्यानं मोबाइल काढून आपली मूळ बातमी लावली, बासरी नसलेली. मशीनची खडखड सुरू झाली. मेव्हणीनं शिंपीणबाईचा आवाज ओळखला आणि उठली. "हे तुम्ही घरी केलेलं," ती म्हणाली. "हे कुठे छापून आलंय?"

प्रमाणपत्र घ्यायला तो गेला नाही. दुरुस्ती आजतागायत छापून आलेली नाही. बार दोरीनंच बांधलेला आहे आणि शिंपीणबाईची गिऱ्हाइकं रोज त्याच जिन्यानं चढतात-उतरतात. मेव्हणीला अजून पटवायचं राहिलं आहे.