भोलूचं अंथरूण

दिपकची मुलगी यशू त्याच्या नव्या बायकोला, पूनमला, ‘मावशी’ म्हणायची. पण तिचा खरा लळा आत्याचा. आई गेल्यावर यशूला प्रतिक्षाआत्यानंच सांभाळलं होतं. पूनमला ते कळत होतं. तरी दारात आत्याची स्कूटी वाजली की पोरगी जेवण टाकून पळायची, तेव्हा पूनमला पुढचा घास गिळवत नसे.

वाढदिवसाला आत्यानं गिनीपिग आणला. त्याचं नाव भोलू. पिंजऱ्यात अंथरायला कागदाच्या पट्ट्याही तिनंच कापून दिल्या. मग रोज यशूचा फोन, “आत्या, भोलूनं आज कोथिंबीर खाल्ली!” कोथिंबीर पूनमनं आणलेली असायची.

एकदा पूनम दिपकला म्हणाली, “तुमच्या कारखान्यातनं टॉवेलचं उरलेलं सूत आणा की. कागद किती टोचत असंल त्याला.”

सूत आलं. पांढरंशुभ्र, मऊ. यशूनं त्यात हात घातला आणि पूनमच्या कमरेला मिठीच मारली. “मावशी, लई भारी!” त्या दिवशी तिनं आत्याला फोन केला नाही. पूनम रात्री स्वयंपाक करताना गुणगुणत होती.

पण एका सकाळी भोलू कोपऱ्यातून हलेना. मागच्या पायाला सूत करकचून गुंडाळलं होतं, पाय सुजून जांभळा झाला होता.

“आत्याला बोलाव!” यशू ओरडली.

एवढ्या घाईतही तो शब्द पूनमला झोंबला. आत्या यायच्या आत सोडवलं तर कुणाला कळणारही नाही, असं तिच्या मनात आलं. तिनं कात्री घेतली. भोलू किंचाळला. धागा मांसात रुतला होता. तिनं कात्री ठेवली आणि स्वतःच फोन लावला.

“ताई, लवकर या. माझ्या हातनं चूक झाली.”

प्रतिक्षा आली, तशा सगळ्या भोलूला घेऊन दवाखान्यात धावल्या. प्राण्यांच्या डॉक्टरांनी धागा काढला. पाय वाचला, दोन बोटं गेली. ते म्हणाले, “सूत नको, कापूस नको, वासाचा लाकडी भुसाही नको, तो या प्राण्यांच्या छातीला सोसत नाही. साधा कागद, नाहीतर सुकं गवत. ओलं झालेलं रोज काढायचं.”

बाहेर आल्यावर पूनम बोलणी खायला तयार होती.

प्रतिक्षा म्हणाली, “मधी एक दिवस यशूचा फोन आला नाही. मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. वाटलं, गेली पोरगी हातातनं.”

पूनमनं चमकून तिच्याकडं बघितलं.

घरी पूनम कागद फाडत बसली. “यशू, ये की मदतीला.”

यशू आत्याच्या मांडीवरून उठली नाही. पूनमकडं तिनं बघितलंही नाही. फक्त कागदासाठी हात पुढं केला. पूनमला ती मांडी आताही बघवत नव्हती. तिनं कागदांचा गठ्ठा उचलला आणि त्या दोघींच्या शेजारी जाऊन बसली.