मागच्या रस्त्यावरचा खारू

चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढून देणारी बाई पाय मोडून घरी बसली. प्लास्टर तीन आठवड्यांचं. करायचं काय, म्हणून तिने ती मालिका लावली. डोंगराळ गावातून एक शाळकरी मुलगी नाहीशी होते आणि म्हातारा फौजदार तिला शोधत फिरतो, असे एकूण आठ भाग. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. संध्याकाळी कामावरून आला की चपला काढता काढताच विचारायचा, "सापडली का गं पोरगी?"

तिसऱ्या भागात तिला खारू दिसला.

खारू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लहानपणी कुंपणांवर सरसर चढायचा म्हणून पडलेलं नाव. नऊ वर्षांपूर्वी नोकरीच्या मुलाखतीला म्हणून घरून निघाला तो परतलाच नाही. पोलीस ठाणी झाली, दवाखाने झाले, शवागारंही पालथी घातली. पत्ता लागला नाही. आणि आता तो फौजदार बेकरीवाल्याशी बोलत होता, तर त्याच्या मागे, रस्त्याच्या पार टोकाला, एक माणूस उभा होता. डावा खांदा पडलेला, मान जराशी कलती.

तिने चित्र थांबवलं. माणूस तांदळाच्या दाण्याएवढा. पण पाठच्या भावाची उभं राहायची ढब ओळखायला कुठली भिंगं लागतात?

"अगं, खांब आहे तो," नवरा म्हणाला. "जगाचे डोळे तपासतेस, एकदा स्वतःचेही तपासून घे." मग तिचा चेहरा बघून तो शेजारी येऊन बसला.

चौथ्या भागात तो टपालपेटीशी होता. पाचव्यात आणखी अलीकडे. सहाव्यात शर्टाच्या निळ्या चौकटी दिसल्या. मुलाखतीच्या दिवशी तो शर्ट तिनेच इस्त्री करून दिला होता.

"हा खांब नाही," नवरा हळूच म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने खटपट करून, मालिकेला गर्दीची माणसं पुरवणाऱ्या कंत्राटदाराचा नंबर मिळवला.

"साहेब, तो रस्ता दोन्ही टोकांनी बंद केला होता," कंत्राटदार म्हणाला. "मागे उभं राहायला आम्ही एकही माणूस दिलेला नाही."

"अहो, आईला सांगू या का?" तिने विचारलं.

"इतक्यात नको. नऊ वर्षं त्या माउलीने आशेवर काढलीत. आणि सांगणार तरी काय?"

सातव्या भागात खारू फौजदाराच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभा होता. वय एका दिवसानेही वाढलेलं नव्हतं. तो फौजदाराकडे बघतच नव्हता. सरळ बाहेर, तिच्याकडे बघत होता. ओठ हलले. आवाज आला नाही, पण 'ताई' हा शब्द ओठांवर वाचायला आवाज कशाला हवा?

आठवा भाग त्यांनी रविवारी भरदुपारी लावला. पोरगी सापडली, जिवंत. शाळेच्या शिपायाने माळ्यावर कोंडली होती. रस्ता चारदा दिसला. चारही वेळा रिकामा. तिने सातवा भाग पुन्हा लावला, मग सहावा, मग तिसरा. बेकरी होती, टपालपेटी होती. माणूस कुठेच नव्हता.

"काल होता ना हो इथे?"

"होता," नवरा म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा. तिने स्पीकर लावला.

"ऐक," आई कुजबुजत होती. "आठवडा झाला, समोरच्या रस्त्याच्या टोकाला कुणीतरी उभं राहतं. तुला बोलले नाही, म्हणशील म्हातारीला भास होतात. रोज थोडं पुढे येतं. आत्ता दारात आहे. उघडू का?"

नवरा मानेने नको नको म्हणत होता.

"उघड," ती म्हणाली. "फोन मात्र ठेवू नकोस."

कडी वाजली. खुर्ची सरकली. मग आईचाच आवाज येत राहिला. जेवलास का, कुठे होतास रे इतके दिवस. प्रत्येक प्रश्नानंतर उत्तराला लागेल एवढी शांतता, आणि मग ते ऐकल्यासारखा आईचा पुढचा प्रश्न. एकदा ती हसली. एकदा म्हणाली, "असं झालं होय," आणि रडायला लागली.

नवऱ्याने तिला प्लास्टरसकट मागच्या सीटवर बसवलं आणि गाडी दामटली. दोन तासांनी पोचले, तेव्हा आई पायरीवर एकटीच बसली होती. डोळे सुजलेले, पण चेहरा निवळलेला.

"गेला," ती म्हणाली. "मुलाखतीला पोचलाच नव्हता गं. जुन्या पुलावर कठड्याचा दगड निसटला. खाली दुसऱ्या कमानीत, गाळात आहे म्हणाला. ताईला सांग, तिथे बघा."

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी दुसऱ्या कमानीखालचा गाळ उपसला. हाडं मिळाली. निळ्या चौकटीचं चिंधीएवढं कापडही मिळालं.

"आजी, जागा इतकी नेमकी कुणी सांगितली?" पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराने विचारलं.

"मुलाने," आई म्हणाली.

हवालदाराने मान वर केली. तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. मग 'माहिती घरच्यांकडून' असं लिहून त्याने कागद सहीसाठी पुढे सरकवला.